पिवळं पाणी आधी की शेवटी

माझी थोरली लेक रंगाच्या कारखान्यात मिक्सिंगला आहे. म्हणजे होती, नऊ वर्षं. पिंपात काठी फिरवली की रंग किती दाटलाय ते तिच्या मनगटालाच कळायचं.

पाण्यातला रंग डब्यात नासू नये म्हणून त्यात एक औषध घालतात. त्याचं नाव मैलभर लांब, क्लोरोमिथाइलआयसोथायाझोलिनोन. कारखान्यात सगळे त्याला पिवळं पाणी म्हणतात. पाच अणूंचं कडं, त्यात गंधक आणि नायट्रोजन शेजारीशेजारी, कडेला क्लोरीन चिकटलेला. थोडंसं घातलं तरी जंतू, बुरशी टिकत नाहीत. पण त्याला उष्णता सोसत नाही आणि अमोनियासारखे आम्लारीही नाहीत. त्यात ते मोडून जातं.

पूर्वी कधीतरी कुणी ते घालायला विसरलं आणि सगळा माल सडला. तेव्हापासून नियम झाला, विसरायला नको म्हणून पिवळं पाणी सर्वांत आधी. मग त्यावर रंगाचा गरम लगदा, मग अमोनिया! आतला रंग नासून डबे फुगून परत यायला लागले, तेव्हा सुपरवायझरनी औषध दुप्पट केलं. त्यांना सगळे काका म्हणतात.

"काका, शेवटी घालू या ना, गार झाल्यावर," थोरली म्हणाली.

"पोरी, तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून आधीच घालतोय."

"मग डबेही तेव्हापासूनच फुगतायत का?"

सगळे हसले. औषध तिप्पट झालं.

ते ओतायचं काम हिचं. हातमोजे बोटांशी फाटलेले. आधी खाज सुटली, मग फोड आले, मग कातडी सोलून निघाली. मी विज्ञानाची पदवीधर, आणि साबण बदल म्हणत मलम चोळत बसले. पिवळ्या पाण्याच्या कॅनवरची चिठ्ठी वाचायची अक्कल सुचली नाही. त्वचेच्या डॉक्टरांनी पाठीवर निरनिराळ्या रसायनांच्या पट्ट्या लावून कारण शोधलं, पिवळं पाणी.

"अंगाने एकदा वैर धरलं की जन्मभर सोडत नाही," ते म्हणाले. "आता थेंबही नको. शाम्पूची बाटलीसुद्धा वाचून घ्या."

ती घरी बसल्यावर काकांनी रंगाचा एक घाणा तिच्या सांगण्याप्रमाणे काढला. दोन महिने झाले, एक डबा फुगला नाही, तेही निम्म्या औषधात. काल ते घरी आले.

"तुझंच खरं निघालं गं. ये परत."

"येते," ती म्हणाली, माझ्याकडे न बघता.

"कशी येतेस? हात बघ आधी!" मी म्हणाले.

"मिक्सिंगला नको, ताई," काका घाईने म्हणाले. "लेबलं चिकटवायला. बसून काम."

"कशाने चिकटवता?" मी विचारलं.

"गोंद. साधाच, पाण्यातला."

"आणि तो नासू नये म्हणून?"

काका हळूच म्हणाले, "तेच."

"मग गेटवर बसवा मला," थोरली म्हणाली. कुणी हसलं नाही. मग तिने विचारलं, "तो घाणा किती डिग्रीपर्यंत गार केला होता? पुढचेही तसेच काढावे लागतील."

काकांना आठवेना.