संडे घ्यायला येईल

लागोसच्या विमानतळावर उतरले तो गुरुवार होता, आणि फोनवर माझा बॉस टॅनचा मेसेज होता: ‘संडे विल रिसीव्ह यू.’

मी बॅगांच्या पट्ट्याजवळूनच सिंगापूरला फोन लावला.

“टॅन, रविवारपर्यंत मी कुठे थांबू?”

“थांबायचं कशाला? संडे बाहेर उभा आहे.”

“आज गुरुवार आहे.”

“सुजाता, संडे हे त्याचं नाव आहे.”

मी सिंगापूरला तुआसमधल्या एका वर्कशॉपमध्ये सर्व्हिस इंजिनियर आहे. जहाजांचे टर्बोचार्जर दुरुस्त करते. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्तीची हवा कोंबणारं हे यंत्र. ते बिघडलं की इंजिनाला धाप लागते. लागोसच्या बंदरात एका मालवाहू जहाजाचा टर्बोचार्जर खडखडत होता. बेअरिंग बदलायचं होतं. शनिवारी सकाळी जहाजाला धक्का रिकामा करायचा होता, आणि त्या इंजिनावर खुल्या समुद्रात जायला कॅप्टन तयार नव्हता.

आफ्रिकेत मी पहिल्यांदाच जात होते. सिंगापुरात यिशुनला आम्ही राहतो त्या ब्लॉकमध्ये लागोस कुणीच पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे सल्ले सगळ्यांकडे होते. पाणी पिऊ नकोस, टॅक्सीत बसू नकोस, कुणाशी बोलू नकोस. लिटिल इंडियातून मी डास पळवायच्या क्रीमच्या सहा ट्यूब आणल्या. दशम्या केल्या, आणि आईने नागपूरहून पाठवलेली शेंगदाण्याची झणझणीत चटणी बांधून घेतली. मुलगी फोनमधून मान वर न काढता म्हणाली, “रिलॅक्स लाह, मम्मा. सिटी ओन्ली.”

पट्टा थांबला. माझी दुसरी बॅग आली नाही. तिच्यात पुलर होता. पुलर म्हणजे घट्ट बसलेलं बेअरिंग बाहेर खेचायचं अवजार: एक जाड लोखंडी पाटी, मधोमध मोठा बोल्ट, दोन बाजूंना ती पाटी यंत्राला बोल्टने जोडायला दोन भोकं. ते केबिनमध्ये नेऊ देत नाहीत. नवं बेअरिंग माझ्या हातातल्या बॅगेत होतं आणि जुनं काढायचं साधन विमान बदलताना मागे राहिलं होतं.

बाहेर एक उंच, इस्त्रीचा शर्ट घातलेले गृहस्थ माझ्या नावाची पाटी धरून उभे होते. शिपिंग एजंटच्या ऑफिसमधले मिस्टर संडे.

“यू आर वेलकम, इंजिनियर,” ते म्हणाले.

मी थँक्यू म्हटलंच नव्हतं, म्हणून घाईघाईने म्हटलं. तिथे ‘या, बसा’ असं म्हणायची ती पद्धत आहे, हे नंतर कळलं.

बॅगेचं ऐकून त्यांनी दोन फोन केले. बॅग येईल, पण सोमवारी. माझा बंदराचा गेट पास शुक्रवारी दुपारी मिळणार होता. म्हणजे तोवर जहाजावर पाऊलही ठेवता येणार नव्हतं.

“पुलर इथे बनवून घेऊ,” ते म्हणाले. “उद्या सकाळी बाबांकडे जाऊ.”

मला वाटलं त्यांचे वडील. तर नाही, तिथे वयस्कर माणसाला बाबा म्हणतात. आमच्यासारखंच.

सकाळी आम्ही गो-स्लोमध्ये अडकलो. हा ट्रॅफिक जॅमला तिथला शब्द. गाडी इंचभर हलत नव्हती, तेव्हा मी दशमी आणि चटणी काढली. संडेंना आधीच बजावलं की तिखट आहे. त्यांनी चमचाभर तोंडात टाकली आणि विचारलं, “ही मुलांसाठी करता का?” मग त्यांनी खिडकीतून एका फेरीवाल्याकडून त्यांच्या आवडीचं काहीतरी खायचं पुडीत घेतलं. पहिल्या घासाला माझ्या नाकातून पाणी आलं. नागपूरची असल्याचं मी पुढे कुठे सांगितलं नाही.

बाबांचं वर्कशॉप म्हणजे पत्र्याखाली दोन जुने लेथ, लोखंड कातायची यंत्रं. बाबा सत्तरीचे असावेत. मी झोकात ड्रॉइंग काढलं, मापं टाकली. त्यांनी चष्मा लावून बघितलं.

“दोन भोकांतलं हे अंतर कधी मोजलंस?”

“मोजायची गरज नाही. चाळीस वेळा केलंय हे काम.”

“या जहाजावर?”

“याच मॉडेलवर.”

“या जहाजावर?” त्यांनी तेच परत विचारलं.

संडे बाहेर बघू लागले. बाबांनी माझ्या ड्रॉइंगवरच्या दोन गोल भोकांवर काट मारली आणि तिथे लांबट फटी काढल्या. “यात बोल्ट पुढे-मागे सरकेल,” ते म्हणाले. मला मनातून राग आला होता. सिंगापूरला असलं ढिलं ड्रॉइंग मीच परत पाठवलं असतं.

तीन तासांत पुलर तयार झाला. मी स्टुलावर नुसती बसून होते, तरी येणारा-जाणारा मला ‘वेल डन’ म्हणत होता. मी संडेंना कारण विचारलं.

“तुम्ही काम करताय म्हणून.”

“मी काहीच करत नाहीये.”

“काळजी करताय ना. तेही कामच.”

दुपारी पास मिळाला. जहाजावर चीफ इंजिनियरने टर्बोचार्जर उघडून ठेवला होता. मी पुलर लावला. माझ्या पाठ असलेल्या मापात आणि टर्बोचार्जरवरच्या भोकांमधल्या अंतरात सहा मिलिमीटरचा फरक होता. हा टर्बोचार्जर नंतरच्या बनावटीचा होता आणि भोकांची जागा बदलली होती. माझ्या ड्रॉइंगचा पुलर तिथे पेपरवेट म्हणून कामी आला असता. मी बोल्ट फटीत सरकवले, आवळले. बेअरिंग कुरकुरत बाहेर आलं.

“डिझाइन चांगलं आहे,” चीफ म्हणाला. “तुमचं?”

“नाही,” मी म्हटलं. ते म्हणायला मला क्षणभर वेळ लागला.

शनिवारी सकाळी जहाज सुटलं. विमानतळावर जाताना मी बाबांकडे थांबले आणि सहा मिलिमीटरचं सांगितलं. ते हसले नाहीत. “वेल डन,” म्हणाले आणि लेथकडे वळले.

रिपोर्टमध्ये मी सगळं लिहिलं. टॅनने तो दोनदा वाचला. आता काम कितीही ओळखीचं असलं तरी मी आधी मोजायची टेप काढते.

“तुला तर ही मापं पाठ आहेत,” टॅन म्हणतो.

“म्हणूनच,” मी म्हणते.