हॅरल्डच्या आईचं पदक आणि माझी आई

मी अमेरिकेची पदकं जमवतो. अमेरिकेने मला एकही दिलेलं नाही.

शूर सैनिकांची पदकं काय, कुणीही जमवेल. मी जमवतो ती नागरी सेवेची. ज्यांनी आयुष्यात बंदूक धरली नाही, पण फायली वेळेवर पुढे सरकवल्या, पूल तपासले, धरणांचे नकाशे काढले, अशा सरकारी माणसांना मिळालेली. (फाईल वेळेवर सरकवल्याबद्दल पदक! हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी पोट धरून हसलो. मग गुपचूप एक विकत घेतलं.) कुवेतमधल्या शुक्रवारच्या जुन्या बाजारात तुटके पंखे, गालिचे आणि एका पायाचे बूट यांच्यात अशी पदकं अधूनमधून सापडतात. बाकीची टपालाने मागवतो. सबाह अल-सालेममधल्या आमच्या फ्लॅटमध्ये टीव्हीखालचे दोन ड्रॉवर त्यांनी भरले आहेत. माझी बायको मेधा नर्स आहे. तिच्या मते हा आजार आहे, पण संसर्गजन्य नाही, एवढंच समाधान.

त्या वर्षी आई नवरात्रासाठी चिपळूणहून आमच्याकडे आली होती. आल्या आल्या तिने ड्रॉवर उघडला.

"ही तुला कशाबद्दल मिळाली रे?"

"मला नाही मिळाली, आई. मी जमवतो."

"म्हणजे दुसऱ्यांची?"

"हो."

"मग त्यांची त्यांना परत का नाही देत?"

मी ड्रॉवर लावून टाकला.

आता हॅरल्डबद्दल. मी इस्पितळात यंत्रं दुरुस्त करतो. त्यातल्या एका अमेरिकन यंत्राबरोबर हॅरल्ड नावाचे सल्लागार आले. पासष्टीचे, उंच, कमी बोलणारे, रुमैथियात एकटेच राहणारे. माझा छंद कळल्यावर एक दिवस त्यांनी रुमालात गुंडाळलेलं पदक माझ्या हातावर ठेवलं. त्यांची आई सरकारी कचेरीत टायपिस्ट होती. हे पदक तिला मिळालेलं. ती जाऊन बरीच वर्षं झाली होती. पदकाची रेशमी फीत कुजून गेली होती आणि तशीच नवी फीत मिळेल का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. शनिवारी ते सुट्टीवर घरी निघणार होते आणि पदक बहिणीला नेऊन द्यायचं होतं.

"आई याला दरवर्षी..." असं काहीतरी ते सांगू लागले. पण मी तज्ज्ञ! तज्ज्ञ माणूस समोरच्याला वाक्य पुरं करू देतो का? पदक जुन्या गुळासारखं काळपट तपकिरी झालं होतं. मी भाषणच ठोकलं. हा काळपटपणा म्हणजे पदकाचं वय, धातूला चढलेला इतिहास. संग्राहकांचा पहिला नियम: पदक घासायचं नाही. दुसरा नियम: पहिला नियम बायकोला सांगून ठेवायचा. हॅरल्डनी मान डोलावली. "जपून ठेव," एवढंच म्हणाले.

फीत माझ्याकडे होती. मेधाने ती आईच्या शेजारी बसून सुबक टाचून दिली. शुक्रवारी दसरा, सुट्टीचा दिवस, म्हणून मी हॅरल्डना दुपारी श्रीखंडपुरीला बोलावलं आणि पदक पुस्तकांच्या फडताळात ठेवून दिलं. नियम बायकोला सांगितला होता. आईला सांगायचा राहिला.

शुक्रवारी सकाळी उठून बाहेर आलो, तर देवापुढे पाट मांडलेला. पाटावर आईने दसऱ्याची शस्त्रं मांडली होती: माझे स्क्रू-ड्रायव्हर, मेधाचा स्टेथोस्कोप, विळी, गाडीची किल्ली. मधोमध, झेंडूच्या फुलावर, हळदकुंकू लावलेलं, नुकत्याच उगवलेल्या सूर्यासारखं झगझगीत एक पदक!

"आई! हे काय केलंस?"

"काय केलंस म्हणजे? समई घासायला घेतली होती, त्यात हेही घासलं. चिंच आपल्या घरची आहे हो. तुमच्या त्या जमियाच्या दुकानातलं पाकीट नाही वापरलं." (जमिया म्हणजे इथलं सहकारी भांडार. कुवेतमधल्या एकाही दुकानावर आईचा विश्वास नाही. चिंच, कोकम आणि शिकेकाई ती स्वतःच्या बॅगेतून आणते.)

"अगं, ते काळंच ठेवायचं असतं!"

"दसऱ्याच्या दिवशी? पाहुण्याची वस्तू? काळी? चारचौघं काय म्हणतील, यांच्या घरात चिमूटभर चिंच नाही?"

एका म्हाताऱ्या माणसाच्या मेलेल्या आईची आठवण माझ्या घरात खरवडून निघाली होती. तीही मी इतकं लांबलचक भाषण ठोकल्यावर! त्या क्षणी मला खरंच रडू येत होतं. पण दुपारपर्यंत वेळ होता आणि मी तज्ज्ञ होतो. हे दुसरं कारण जास्त घातक ठरलं.

इंटरनेटवर शोधलं. धातूला पुन्हा जुना रंग आणायचा तर उकडलेली अंडी कुस्करून पदकाबरोबर डब्यात बंद करायची. अंड्याच्या वाफेने धातू काळा पडतो. सोपं! फक्त एकच अडचण. आईचे घट अजून उठायचे होते, आणि नवरात्रात आमच्या घरात अंड्याचं नावही काढत नाहीत. मी "दूध आणतो" म्हणून खाली गेलो, अंडी शर्टाखाली लपवून आणली आणि बेडरूमचं दार लावून इलेक्ट्रिक किटलीत उकडली.

"आत काय करतोयस रे?" बाहेरून आई.

"ऑफिसचं काम!"

"ऑफिसच्या कामाचा वास येतोय."

एसी बंद केला, खिडकी उघडली. ऑक्टोबरातलं कुवेत घरात शिरलं आणि वासही तापला. अंडी डब्यात कुस्करली, पदक आत ठेवलं, डबा चपलांच्या कपाटात लपवला. एवढ्यात मेधाने बेडरूममधून किटली उचलून नेली आणि माझ्या कानावर तिचं बोलणं आलं, "आई, तुमच्या चहाला पाणी ठेवते हं."

"नको!" मी इतक्या जोरात ओरडलो की शेजारच्या फ्लॅटचं दार उघडलं. "त्या किटलीत नको!"

मेधाने किटलीत डोकावून पाहिलं. तळाशी अंड्याच्या कवचाचा तुकडा होता. तिने माझ्याकडे पाहिलं. शेवटी ती परिचारिका. रोगी कितीही वाईट अवस्थेत असला तरी चेहरा न हलवण्याचं शिक्षण तिला मिळालेलं आहे.

"आई," ती शांतपणे म्हणाली, "चहा गॅसवरच करूया. किटली तुमच्या मुलाने बाटवली आहे."

"मेल्या! नवरात्रात अंडं?"

"खाण्यासाठी नाही गं!"

"मग काय, उबवायला?"

ठरलेल्या वेळेच्या बरंच आधी बेल वाजली. अमेरिकन माणूस जेवायला लवकर येत नाही असं मी ऐकलं होतं. तेही चूकच निघालं. हॅरल्ड दारात बूट काढायला वाकले, कपाट उघडून त्यांनी बूट आत ठेवले आणि दचकून मागे सरकले. "तुमच्या कपाटात काहीतरी मेलंय," ते काळजीने म्हणाले.

मग डबा काढावाच लागला. झाकण उघडलं. पिवळ्याधमक भुग्यातून मी पदक वर काढलं. इतिहास परतला होता, पण हप्त्याहप्त्याने! पदकावरच्या गरुडाचा एक पंख काळा, दुसरा लख्ख, चोच निळसर, आणि पोटावर माझ्या अंगठ्याचा स्पष्ट ठसा. वरची फीत तेवढी जशीच्या तशी होती, फक्त तिला अंड्याचा वास येत होता.

हॅरल्डनी पदक हातात घेतलं. ते त्यांनी उजेडात धरलं.

"हे काय झालं?" त्यांनी हळूच विचारलं.

"काय म्हणतायत ते?" आई म्हणाली.

"विचारतायत, काय झालं," मेधाने सांगितलं.

"सांग त्यांना. म्हणावं, मी लख्ख केलं होतं. ह्या शहाण्याने नेऊन अंड्यांत कोंडलं."

मेधाने एकही शब्द न गाळता इंग्रजी केलं. 'शहाण्याने'सुद्धा.

"लख्ख?" हॅरल्डनी आईकडे पाहिलं. "कशाने?"

आईने चिंचेचा गोळा आणून दाखवला. त्यांनी तो नाकाशी नेला, आणि त्या गंभीर माणसाचा चेहराच बदलला. मग मागच्या वेळी मी मध्येच तोडलेलं वाक्य त्यांनी पुरं केलं. त्यांची आई दरवर्षी एका ठरलेल्या सुट्टीच्या दिवशी सगळ्या मुलांना ओळीत बसवून हे पदक टोमॅटो सॉसने घासायची. आरसा झाल्याशिवाय कुणाला जेवण नाही! ती गेल्यावर कुणी हात लावला नाही, म्हणून ते काळं पडलं. बहिणीला नेऊन द्यायचं होतं ते आई करायची तसंच चकचकीत. पण मी एवढा जाणकार, इतका ठामपणे 'घासू नका' म्हणालो, की घासायचं नाव काढायला त्यांना लाज वाटली.

मेधाने मराठी केलं. आई ऐकून घेत होती. मग ती उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "चला हो. आत या."

पुढचा देखावा मी दारातून पाहिला, कारण स्वयंपाकघरात मला मज्जाव होता. फीत सोडवून सुकत टाकलेली. सिंकपाशी सहा फुटी हॅरल्ड बाह्या दुमडून उभे, शेजारी त्यांच्या कोपराएवढी माझी आई. ती मराठीत "कडेला, कडेला घासा" म्हणत होती, ते इंग्रजीत "यस मॅडम" म्हणत होते आणि काम बरोबर चाललं होतं. गरुडाचे दोन्ही पंख एका रंगाचे झाले. आईने पदक पुसलं, पुन्हा हळदकुंकू लावलं. कुवेतमध्ये आपट्याची पानं मिळत नाहीत, दरवर्षी आम्ही कागदाची कापतो. त्या दिवशी तिने कागद बाजूला सारला आणि ते पदकच हॅरल्डच्या तळहातावर ठेवलं.

"सोनं घ्या, सोन्यासारखे राहा."

मेधा समजावू लागली, पण त्याची गरज नव्हती. हॅरल्डनी वाकून आईच्या पायांना हात लावला. (हे त्यांना कुणी शिकवलं देव जाणे.) त्यांचे डोळे भरले होते. माझेही. मी ते अंड्याच्या वासावर ढकललं.

श्रीखंड त्यांनी तीन वेळा मागून घेतलं. चपलांच्या कपाटाजवळ मला फिरकूही न देता आईने ते स्वतः धुवून काढलं. संध्याकाळी हॅरल्डना रुमैथियाला सोडून परत येताना मला फार हलकं वाटत होतं. चला, एकाची आठवण वाचली.

दार उघडलं आणि नाकात चिंचेचा वास शिरला.

टीव्हीखालचे दोन्ही ड्रॉवर उघडे होते. जमिनीवर जुना पंचा अंथरलेला, आणि त्यावर माझी सगळी, एकूण एक पदकं, नव्याकोऱ्या वाट्यांसारखी लखलखत होती. कित्येक वर्षांचा इतिहास सिंकवाटे खाडीकडे रवाना झाला होता.

"म्हटलं, त्यांचं केलं, तर घरच्याचंही करून टाकावं," आई म्हणाली. "किती काळी होती रे! लाज नाही वाटत?"

मी काही बोलणार, इतक्यात तिचा फोन वाजला. चिपळूणच्या शेजारणीचा व्हिडिओ कॉल. आईने फोन पदकांवरून सावकाश फिरवला.

"अगंबाई, केवढी ही!" पलीकडून आवाज आला. "अमेरिकेची? तुमच्या मुलाला कशाबद्दल मिळाली हो?"

मी केसांवरून हात फिरवून फोनच्या समोर येऊन उभा राहिलो.

"छे गं, त्याला कशाला देतायत!" आई म्हणाली. "दुसऱ्यांची आहेत. हा नुसता सांभाळतो, आणि तेही धड घासता येत नाही त्याला."