पन्नासाव्या दिवसाचं मशीन

तिसगावात माझं आणि पोपटचं टायमर बनवायचं दुकान आहे. मी चिपमध्ये प्रोग्रॅम भरतो, तो वायरी जोडतो. चुका माझ्या आणि शिव्या त्याला! मग किश्श्यांना काय तोटा?

पहिलं गिऱ्हाईक रामभाऊ. त्यांच्या विहिरीच्या मोटारीसाठी मी प्रोग्रॅममध्ये लिहिलं, 'मोटार चालू कर, एक तास थांब.' चिप इतकी प्रामाणिक, की त्या तासात कुणाचं ऐकेचना. नेमका पाइप फुटला. रामभाऊ 'बंद'चं बटण दाबून दाबून थकले. फोनवर म्हणाले, "मशीन लई गुणाचं हाय रं, पन सांगितलेलं तासाभरानं ऐकतंय!"

मग शाळेची घंटा. आमची चिप घड्याळ बघत नाही, वीज आल्यापासूनचा वेळ मोजते. लाईट जाऊन आली, की तिची सकाळ! एका दिवसात पोरांनी तीनदा प्रार्थना म्हटली. विज्ञानाचे सर वैतागले, "अरे, हजेरी तरी कितव्यांदा घेऊ?"

तरी त्याच सरांनी पुढं आमचं अंडी उबवायचं मशीन घेतलं. भला माणूस!

हे मशीन दर तासाला अंडी फिरवतं. आत बॅटरी, त्यामुळं लाईट गेली तरी बंद पडत नाही. तेच नडलं! चिपची मोजणी पन्नासाव्या दिवशी भरते आणि परत शून्यावर येते. माझा प्रोग्रॅम तिथं गोंधळायचा, अंडी फिरणं थांबायचं. दोन गिऱ्हाइकांची अंडी नासली. पोपट म्हणाला, "अजून एक तक्रार आली, तर दुकानाला कुलूप!"

भंडारदऱ्याकडच्या हिराबाईंचं मशीन तर चार महिने चालू. बचत गटाची सगळी अंडी त्यात, आणि त्यांचा एकदाही फोन आला नव्हता! जीव मुठीत धरून आम्ही गेलो. दारातच पिल्लं पायात आली.

"मावशी, मशीन बंद नाही पडलं?"

"कशाला पडंल? दर अमावास्येला मीच बंद करते. पुसते, हळदकुंकू लावते, नारळ फोडते, मग चालू करते."

बंद केलं की मोजणी नव्यानं सुरू! मला इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि इतकं हायसंही.

प्रोग्रॅम मी सुधारला, पण तो भरायला गावोगाव हिंडायचं होतं. तोवर पोपटनं सगळ्यांना फोन लावले, "दर अमावास्येला मशीन पाच मिनिटं बंद ठेवा." सगळे मुकाट्यानं हो म्हणाले. विज्ञानाचे सर तेवढे भडकले, "मी असलं काही मानत नाही!"

"मग पौर्णिमेला ठेवा, सर!"