तोंडानं नाही, करून दाखवा

आमच्या आसगावात दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरते. तिथलं रातचं नाटक झालं, की दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातली एक नटी पोरं जमवायची. नाव मी कधी विचारलंच नाही बघा. कानामागचा रंग तसाच, बशीतला चहा फुंकत म्हणायची, “काय खोटं वाटलं? तोंडानं नाही, करून दाखवा.”

त्या वर्षी नाटकात तिचं लेकरू मरतं आणि ती छाती बडवून रडते. सकाळच्या त्या घोळक्यातून माझी आठ वर्षांची लेक उठली. “माही माय अशी नाई रडली,” म्हणाली, आणि हातात गुंड, म्हणजे पाण्याची घागर, असल्यासारखं करून पाणी ओतू लागली. “रांजण भरला, तरी ओतूनच राहिली.”

पोरं हसली. मी मात्र मागून पुढे आले. माझं तान्हं गेलं त्या दिवशी मी हेच केलं होतं. पण ही तेव्हा जेमतेम चार वर्षांची, आणि हिला तर शेजारी पाठवलं होतं ना!

नटीनं बशी खाली ठेवली. माझ्याकडे बघून म्हणाली, “बाई, आता मी रडू कशी?”

मी लेकीलाच विचारलं, “तू कोठी होती वं तवा?”

“तुह्या पदराले धरून होती. तू पाह्यलंच नाई.”