वाळूवाल्याची सही

डोंगरावर चढणाऱ्या त्या छोट्या गाडीच्या इंजिनापुढे एक फळी होती. तिच्यावर तो सव्वीस वर्षं बसला. पुढ्यात वाळूचं खोकं. चढावर चाकं जागच्या जागी फिरायला लागली, उतारावर ब्रेक धरेनासा झाला, की मूठभर वाळू रुळांवर सोडायची. लोक त्याला वाळूवालाच म्हणत. "डोंगर मुठीमुठीने संपवणार तू," अशी दोस्त थट्टा करत.

त्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा त्याच गाडीवर ब्रेकवाला होता, शेवटच्या डब्यात. सोयरीक वाळूवाल्यानेच जुळवली होती.

वाळू मात्र खडखडीत कोरडी लागायची. त्यासाठी शेडमध्ये भट्टी होती. नवे साहेब आले आणि त्यांनी कोळसा वाचवायला ती बंद करवली. "वाळू उन्हात वाळवा," म्हणाले.

"साहेब, इथे आठ-आठ दिवस धुकं हटत नाही. ऊन कुठून आणू?"

"इतकी वर्षं बोलायचं काम केलंत की वाळूचं?"

तिसऱ्या आठवड्यात, भर दुपारी, उतरती गाडी घसरली. वाळूवाला दोन्ही हातांनी वाळू फेकत होता, पण तिचे गोळे होऊन रुळांवरून खाली गडगडत होते. वळणावर शेवटचा डबा कलंडला. उतारूंचं खरचटण्यावर निभावलं. ब्रेकवाला मात्र डब्याखाली सापडला. ब्रेकचं चाक त्याने शेवटपर्यंत सोडलं नव्हतं.

चौकशीला एक अधिकारी आला. माणूस मोठा मवाळ. त्याने वाळूवाल्याला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"ब्रेक उशिरा लागला असं लिहिलं तर गेलेल्या माणसावर ठपका येतो. वाळू नीट पडली नाही असं लिहिलं तर तुमच्यावर. काय लिहू?"

"आणि भट्टी?"

"भट्टीचा विषय यात येणार नाही."

वाळूवाल्याने सही केली.

त्याला फळीवरून काढून शेड झाडायला लावलं. बहिणीने दारातच अडवलं. "माझा संसार उधळलास, दादा. पुन्हा या उंबऱ्यावर येऊ नकोस." खरं ओठांवर आलं होतं. पण हिला कळलं तर ही कचेरीत जाऊन भांडेल, कागद पुन्हा उघडेल आणि ठपका तिच्या नवऱ्यावर जाईल, या धास्तीने त्याने ते गिळलं. दोघं एकाच गावात राहिली. बाजारात समोरासमोर आली की ती रस्ता बदलायची.

पुढे डोंगरात मोटारीचा रस्ता झाला आणि गाडी बंद पडली. रुळांवर झुडपं वाढली. आणि वीसेक वर्षांनी कुणाला तरी सुचलं की हा आपला वारसा आहे! शेडचं संग्रहालय झालं. भट्टीला काळा रंग चढला, वर पाटी लागली: 'गाडी धावली तितकी वर्षं ही भट्टी अखंड पेटती होती.'

पाटी वाचून वाळूवाला तिथल्या बाईंकडे गेला. "हे खोटं आहे हो."

"आजोबा, दप्तरात जे मिळालं तेच लिहिलंय," त्या समजुतीने म्हणाल्या. "तुमच्याकडे काही कागद आहे का?"

त्याच्याकडे कसला कागद असणार!

उद्घाटनाला ब्रेकवाल्याच्या बायकोचा सत्कार झाला. ती वाकली होती, काठी टेकत चालत होती. पाहुणे पांगल्यावर वाळूवाला तिच्या शेजारच्या बाकावर जाऊन बसला. आता ठपका ठेवायला कोणी उरलं नव्हतं. त्याने भट्टीपासून सहीपर्यंत सगळं सांगितलं. त्याला वाटलं, ती रडेल, हात धरेल.

तिने काठी आडवी मांडीवर घेतली.

"खरं सांगतोयस?"

"तुझी शपथ."

"मग इतकी वर्षं मी कुणाचा राग केला? तुझ्या रागावर दिवस काढले मी, दादा. सकाळी उठायला तेवढंच होतं. आज तोही काढून घेतलास." ती उठली. "सांगायचं होतं तर तेव्हा सांगायचंस. नाहीतर ते माझ्याबरोबर चितेवर जाऊ द्यायचंस."

तो दोनदा तिच्या घरी गेला. दार उघडं होतं. ती आतून "ये" म्हणाली नाही, "जा" म्हणाली नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. पुढच्या हिवाळ्यात ती गेली. त्याला निरोप मिळाला तो तिसऱ्या दिवशी, तिच्या शेजारणीकडून, सगळं आटोपल्यावर.