अर्ध्या मिठाचा रंजका

नागुबाई माझी थोरली जाऊ, मी तिला आक्का म्हणते. धर्माबादेत ओल्या लाल मिरचीचा रंजका करावा तर तिनंच, हे तिच्याशी भांडणाऱ्या बायकासुद्धा कबूल करतात. मी तर रोज भांडते, म्हणून माझा शब्द पक्का धरा.

औंदा आमच्या बचत गटाला नांदेडच्या प्रदर्शनात पहिल्यांदाच स्टॉल मिळाला. आनंदानं मला घास गिळवेना. आक्कानं मिरच्या धुऊन, पुसून, लसूण घालून वाटल्या, मीठ कालवलं, लिंबू पिळलं आणि तीस बरण्या भरून माझ्या घरात लावल्या. आठव्या दिवशी बघते तर झाकणं फुगलेली. एक उघडली, तर फस्सकन फेस वर आला. आंबूस वास, वर पांढरा थर. प्रदर्शनाला उरलेले दहा दिवस. माझं डोकंच फिरलं. मी सरळ माझ्या सुनेवर, महामायेवर घसरले, की ओला चमचा तूच घातलास. ती बिचारी रडकुंडीला आली. आक्का मात्र गप्प. एवढी बोलकी बाई गप्प बसली, तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं.

तिचा लेक आनंदराज नांदेडला कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. दुसऱ्या दिवशी रविवार, तो घरी आला. त्यानं बरणी हुंगली आणि विचारलं, "माय, मीठ किती घातलंस?"

"किलोला एक मूठ."

"आणि दरसाल?"

"दरसाल दोन."

मी कपाळावर हात मारला. "आक्का, असं का गं केलंस?"

"ह्यांना बीपी हाय. डॉक्टरनं मीठ तोडलंय. येगळं करून दिलं तर शिवत न्हाईत. म्हणतात, तू खाशील तेच वाढ. मग सगळ्यातच कमी केलं."

साहेबराव भाऊजींचं तसंच आहे. लग्नापासून दोघं एका ताटात जेवतात. हसून हसून गाव दमलं.

आनंदराजनं मग असं समजावलं, की मी चुलीवरचं दूध विसरले. डोळ्यांना न दिसणारे जीव मिरचीवर, हातावर, हवेत, सगळीकडं असतात. त्यांनाही जगायला पाणी लागतं. मीठ भरपूर असलं की ते पाणी धरून ठेवतं, उलट त्यांच्याच अंगातलं ओढून घेतं, मग त्यांची वाढ खुंटते. अर्ध्या मिठात त्यांना रान मोकळं मिळालं. मिरचीतली साखर खाऊन त्यांनी वायू सोडला, म्हणून झाकणं फुगली. महामायेचा काडीचा दोष नव्हता. माफी मागणं माझ्या स्वभावात नाही. मी तिला दोन कप चहा करून पाजला.

"मग दोन मुठी घाल अन् नवा कर," मी म्हणाले.

"न्हाई करणार. घरात आला की मी खाणार, मी खाल्ला की ते खाणार. माझ्या हातानं मारू का त्यांना?"

मला संतापही आला आणि रडूही. आक्का मात्र लेकाकडंच बघत होती. "त्या जीवांना पाणीच लागतं ना? मग पाणीच काढून टाकलं तर?"

आनंदराज उठूनच उभा राहिला. "माय, वाळवण म्हणजे तेच तर हाय!"

मग काय, नासलेलं सगळं खड्ड्यात पुरलं आणि आम्ही स्लॅबवर चढलो. चिरलेली मिरची, लसणाच्या पातळ चकत्या, कढीपत्ता, सगळं कडक उन्हात टाकलं. हातात घेतल्यावर कडकड मोडेपर्यंत वाळवलं, आमचूर घालून कुटलं. मिठाचा खडा नाही.

पाचव्या दिवशी आक्कानं ताटात भाकरी आणि ती चटणी वाढली. मी दारात उभी.

"रंजका कुठंय?" भाऊजींनी विचारलं.

"आता घरात हेच. मी बी हेच खाणार."

"किती दिस?"

"तुम्ही हाव तवर."

भाऊजींनी भाकरी मोडली, चटणीला लावली आणि मुकाट्यानं खाल्ली. दुसरा घासही चटणीचाच घेतला. मला नाचावंसं वाटलं.

दुसऱ्याच दिवशी आक्कानं प्रदर्शनासाठी नवा रंजका घातला, किलोला दोन मुठी. चाखायची वेळ आली तेव्हा तिनं पळी माझ्यापुढं धरली.

"तू चाख."

"आक्का, एका बोटानं काय होतंय?"

"जेवताना ते इचारतील, रंजका खाल्लास का म्हणून. खोटं बोलावं लागंल."

मी चाखलं. मीठ बरोबर होतं. "भर बरण्या, आक्का," मी म्हणाले.