दोन ताटल्या, दोन चमचे

आमच्या सोसायटीत नव्याने राहायला आलेल्या बाईंनी परवा विचारलं, "इथे जवळपास चांगलं खायला कुठे मिळतं हो?" मी मिसळीचं दुकान सांगितलं, खरवस ठेवणारी डेअरी सांगितली. स्टेशनजवळच्या उडपी हॉटेलाबद्दल मात्र जरा सविस्तर सांगितलं.

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर पाच महिन्यांनी मी बाबांना पहिल्यांदा बाहेर नेलं, ते तिथेच. त्यांचा उजवा हात अजून उचलला जात नव्हता. डोसा त्यांच्या आवडीचा, पण डाव्या हाताने तो तोडता येईना. एक तुकडा निसटून टेबलावर पडला, तसे ते मान खाली घालून म्हणाले, "चल, घरी जाऊ."

गल्ल्यावरचे अण्णा उठून आले आणि आमच्या दोन्ही ताटल्या आत घेऊन गेले. परत आणल्या, तेव्हा दोन्ही डोशांचे घासाएवढे तुकडे केलेले होते आणि सोबत दोन चमचे होते. "आज असं खाऊन बघा, सांबार छान मुरतं," एवढंच ते म्हणाले.

माझे दोन्ही हात धड होते. तरी त्यांनी माझाही डोसा कापून आणला होता. असं वाढणारं माणूस आपल्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

बाबांनी डाव्या हाताने चमचा उचलला. ताटली रिकामी झाल्यावर अण्णांकडे बघून जड जिभेने म्हणाले, "अजून एक आणा."